रामलिंगचा पाहुणा

आमच्या जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांना दुष्काळ आठवतो, तुळजापूर आठवते, भूमचा खवा आठवतो. जंगल कुणाला आठवत नाही. तरी येडशीजवळ बालाघाटच्या डोंगरात रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्र अवघे बावीस चौरस किलोमीटर. भोवती सोयाबीन-तुरीची शेते, जवळून सोलापूर-धुळे महामार्ग. शेतांच्या समुद्रातले एक बेटच म्हणा ना!

डिसेंबर २०२४ मध्ये या बेटावर पाहुणा आला. वन खात्याच्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला. अम्मीने फोनवर सांगितले, "येडशी में वाघ आया कते." मला वाटले, बिबट्या असेल. पण पट्ट्यांवरून ओळख पटली. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा होता. शेते, ओढे, रस्ते ओलांडत साडेचारशेहून जास्त किलोमीटर चालत आला होता. वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख आणि मादी हवी असते. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ २०१९ मध्ये असाच निघाला आणि तेराशेहून अधिक किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता.

२०२५ च्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन मी रामलिंगला गेलो. मंदिराजवळ माकडे दिसली, झाडीत मोर ओरडला. वाघ काही दिसला नाही. संध्याकाळी अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या चाचांकडे थांबलो. त्यांच्या गोठ्यात एक दावे रिकामे होते. कालवड गेली होती. पंचनामा झाला, भरपाईचा अर्जही गेला. कुर्बानीसाठी पाळलेले दोन बोकड मात्र आता स्वयंपाकघराशेजारी बांधलेले होते. चाची रात्री कंदील घेऊन दोनदा उठायची.

मुलीने विचारले, "चाचा, तुम्हाला त्याचा राग येतो का?"

ते म्हणाले, "गुस्सा काय को बेटा? भूका है तो खाएगाच. पन मेरी कालवड बी दूद पे आनेवाली थी."

मी गप्प बसलो. आम्ही शहरातून वाघ बघायला येतो, फोटो काढतो, जिल्ह्याचे नाव झाले म्हणून खूश होतो. पाहुण्याचा खर्च मात्र कडेला राहणाऱ्या माणसाच्या गोठ्यातून जातो. ती भरपाई वेळेवर हातात पडली, तरच गावकरी वाघाला आपला म्हणतील.

आणि वाघाचे तरी काय? २०२५ च्या सुरुवातीला त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचे ठरले. पथके आली, आठवडे गेले, तो हाती लागला नाही. शिकार होती, पाणी होते, पण या सबंध टापूत मादी नव्हती. नर वाघाला बावीस चौरस किलोमीटर पुरत नाहीत, म्हणून तो बार्शीकडच्या शिवारातही फिरत होता.

रात्री मुलीने नकाशा उघडला. टिपेश्वरपासून येडशीपर्यंत बोट फिरवत ती हिरवा रंग शोधत होती. तो तुटक तुटक होता. "अब्बा, हा आला तरी कुठून?" तिने विचारले. मी तिला ओढे दाखवले, नदीकाठची झाडी दाखवली, बांधावरच्या बाभळी सांगितल्या. तेवढ्याच आधाराने तो आला होता. आपण ते ओढे बुजवत चाललो आहोत, हेही मला तिला सांगावे लागले.