पोरं सरांची की कॉलेजची?

कुंभकोणम, भोगी, जानेवारी 2026

ती. बाबांना सा. न.

उळवन एक्स्प्रेसनं भल्या पहाटे इथं आणून सोडलं. स्टेशनबाहेर त्या वेळीही पितळी डबऱ्यात कॉफी खालीवर ओतली जात होती. देवळांचा वृत्तान्त आईच्या पत्रात लिहीन: कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, गोविंदपुरमचं विठ्ठलमंदिर, सगळं यथास्थित पाहणार आहे. तुम्हाला मात्र मैदानावरचंच लिहायचं असं ठरवून आलेय. नाहीतर तुम्ही पत्र अर्ध्यावर ठेवून पेपर उघडणार, हे मला माहीत आहे.

ज्यांच्याकडे उतरलेय ते अण्णा तंजावरी मराठी. पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात इकडे आले, असं घरात सांगतात. मराठी बोलताना तमिळ हेल, आणि कबड्डीवर बोलताना थेट तमिळच. बँकेतून निवृत्त झालेत. सकाळी कॉफी प्यायला घराबाहेर जातात, कारण घरी कॉफी मिळते, वाद मिळत नाही.

आजच्या वादाचा विषय ऐकून मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. जवळच्या एका सरकारी कॉलेजातल्या पीडी सरांची उन्हाळ्यात बदली झाली. पीडी म्हणजे फिजिकल डायरेक्टर, आपले जिमखान्याचे सर. या सरांनी पाच-सहा वर्षं खेडोपाडी हिंडून पोरं आणली, संघ उभा केला. आदेश आला आणि ते पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात गेले. पाठोपाठ त्यांचे तीन चांगले चढाईपटू चेन्नईच्या एका खासगी विद्यापीठात दाखल झाले. यंदा संघ पहिल्याच फेरीत गारद. झालं, कॉफीच्या बाकावर दोन तट पडले.

एक रिक्षावाला म्हणत होता, पीडी गेले म्हणून संघ गेला. पानाच्या दुकानवाल्याचं म्हणणं वेगळं: पोरं सरांसाठी थांबलीच नव्हती. हॉस्टेल, जेवण, फीमाफी आणि बूट जिथं मिळतील तिथं ती जाणारच, सर असते तरी गेली असती. तिसऱ्यानं एकदम प्रो कबड्डी काढली. तमिळ थलैवाजनं 2022 च्या मोसमात मध्येच प्रशिक्षक बदलला, उदयकुमार गेले, आशन कुमार आले. कर्णधार पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जायबंदी झालेला, तरी संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीला पोचला. मग प्रशिक्षक बदलणं वाईट कसं?

अण्णांनी डबरा खाली ठेवला. म्हणाले, तो लिलावाचा संघ. पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतला होता, बाकीचेही पैसे मोजून आणलेले. नव्या माणसाला तयार संघ हातात मिळाला. कॉलेजच्या सरांना आधी पोरगं शोधावं लागतं, मग त्याच्या बापाला पटवावं लागतं, मग त्याचा फॉर्म स्वतः भरावा लागतो. त्यातलं कबड्डी शिकवणं हे शेवटचं काम.

मला तुमची मोटरसायकल आठवली. ती घेऊन तुम्ही शिराळ्याकडे मुलं बघायला जायचात आणि आई म्हणायची, मुलीसाठी स्थळं बघायला इतके हिंडला असतात तर! तुम्ही निवृत्त झालात त्यानंतर तुमची जागा भरलीच नाही. इथं निदान बदली तरी होते, बाबा. जागा असते म्हणून बदली होते.

तुमची,
ताई


कुंभकोणम, माट्टुपोंगल

ती. बाबांना,

काल रात्री अण्णा मला एका गावच्या सामन्यांना घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती, मग अचानक दिव्यांचा लखलखाट आणि कर्णे. पोंगलच्या आठवड्यात इकडे असे सामने गावोगावी असतात. मैदान मातीचं, बायकाही भरपूर बसलेल्या. आपल्याकडच्या जत्रेतल्या सामन्यांसारखंच. फक्त निवेदकाचा आवाज सांगलीच्या निवेदकापेक्षा मोठा, हे मी मान खाली घालून कबूल करते.

हा सगळा पट्टाच कबड्डीचा. धर्मराज चेरलाथन याच तंजावर जिल्ह्यातले. चाळिशी ओलांडून मॅटवर कोपरा सांभाळणारे आणि 2016 मध्ये पाटणा पायरेट्सला कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून देणारे. इथून पुढे मन्नारगुडीच्या बाजूला वडुवूर लागतं. तिथला अभिनेश मोहनदास गेल्या ऑक्टोबरात बहरीनच्या आशियाई युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात होता. मुलींच्या सुवर्णविजेत्या संघात चेन्नईच्या कण्णगी नगरची कार्तिका होती. राज्य सरकारनं दोघांनाही 25-25 लाख दिले. त्यामुळे यंदा गावात ‘खेळून काय मिळतं?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारतात ते ‘कुठल्या कॉलेजातून खेळायचं?’

आता मुख्य गंमत. प्रेक्षकांत पुढच्या रांगेला चार-पाच माणसं होती, त्यांचा डोळा गुणफलकावर नव्हताच. मोबाइलवर एकेका पोराची चढाई टिपत होती. अण्णांनी ओळख करून दिली: हे अमुक विद्यापीठाचे, ते तमुक कॉलेजचे. सतरा-अठरा वर्षांचा एक उजवा कोपरा भलताच चपळ होता. पकड घालताना घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. सामना संपला तसे दोघं त्याच्या बापाकडे गेले. बाप उसाच्या गाडीला टेकून उभा. मला वाटलं पैशाचं बोलणं होईल. बापानं विचारलं ते एवढंच: पोराला हजर नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही तर? पोराच्या आईनं विचारलं, जेवणात अंडं असतं का?

पहिल्या प्रश्नावर दोघांनीही हसून वेळ मारून नेली. दुसऱ्याचं उत्तर दोघांनी एकदम दिलं, रोज दोन. निम्मा कोपरा तिथंच विद्यापीठाचा झाला असावा.

या धडपडीमागचं अर्थकारण तुम्हाला ठाऊकच आहे, पण ते समोर घडताना पाहणं वेगळं. आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळाडू पंचविशीच्या आतला आणि नियमित विद्यार्थी हवा, म्हणजे चांगलं पोरगं शाळा सुटतानाच धरलं पाहिजे. सगळ्या खेळांतल्या कामगिरीवर मौलाना आझाद करंडक ठरतो. तो 1956-57 पासून चालू आहे आणि बराच काळ पंजाबातल्या जुन्या विद्यापीठांकडेच फिरत राहिला. 2024 चा मान चंडीगढ विद्यापीठाला मिळाला, दुसऱ्या क्रमांकावर लव्हली प्रोफेशनल. दोन्ही खासगी. प्रवेशाच्या जाहिरातीत करंडकाचा फोटो असला की त्याची किंमत वसूल होते, म्हणून पोरांसाठी पैसा सोडला जातो. यात मला काही पाप दिसत नाही. सरकारी कॉलेज फक्त जागा देतं, ही मंडळी जागा, खोली आणि अंडी देतात. शिवाय तमिळनाडूत अभियांत्रिकीच्या 500 जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत आणि सरकारी नोकरीत 3 टक्के, त्यामुळे बापाचंही गणित पक्कं असतं.

अण्णांच्या शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र चिडले होते. म्हणाले, आमच्या वेळी कॉलेजातली पोरं कॉलेजातून खेळायची, आता बाजार मांडलाय. मी त्यांना आपल्या मुंबईची गोष्ट सांगितली. आचरेकर सरांनी सचिनला वांद्र्याच्या शाळेतून काढून दादरच्या शारदाश्रमात घालायला लावलं, ते क्रिकेटसाठीच ना? मग 1988 च्या हॅरिस शील्डमध्ये सेंट झेवियर्सविरुद्ध त्यानं आणि कांबळीनं 664 धावांची भागी रचली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. तेव्हा कोणी बाजार म्हटलं नाही. पुढे रिझवी स्प्रिंगफील्डनंही लांबलांबची पोरं गोळा केली. त्यांच्याकडून खेळताना 2013 मध्ये पृथ्वी शॉनं 546 केल्या. तो विरारचा.

म्हातारबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या त्या सरांची शाळेतून बदली झाली होती का?

माझी विकेट गेली. तोच तर फरक आहे. आचरेकर सर शिवाजी पार्कवर होते ते होतेच. मुलगा शाळा बदलून सरांकडे आला, आणि सर जागेवर राहिले. इथं सरच उचलून नेले जातात आणि मुलगा मागे राहतो, किंवा ज्याला कोणी बोलावलं तिकडे जातो.

परतायला दीड वाजला. आईला सांगू नका.

तुमची,
ताई


कुंभकोणम, रविवार

ती. बाबांना,

आज सरकारी कला महाविद्यालय पाहिलं. कावेरीकाठी, 1854 चं. एकेकाळी त्याला दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. आपले माधवराव तंजावरकर, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, ते जन्मले याच गावात. सगळे पर्यटक मात्र इथं येतात रामानुजनसाठी. 1904 मध्ये त्याला या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली आणि गेलीसुद्धा, कारण गणित सोडून बाकी विषयांत तो नापास झाला. पोरगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे 1913 मध्ये मद्रास विद्यापीठानं पदवी नसतानाही महिना 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि गाडी रुळावर आली.

मला राहून राहून परवाचा तो बाप आठवत होता. एका विषयात अफाट असलेल्या मुलाला बाकीच्या विषयांच्या काट्यावर तोलून बाहेर काढतात, हे त्याला नेमकं कळलं होतं. फरक इतकाच की, रामानुजनसाठी मागाहून केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी उभा राहिला. कोपरारक्षकाचा घोटा मोडला तर त्याच्यासाठी कोण उभं राहणार? फीमाफी त्याच वर्षी बंद, खोली रिकामी करा. बदलून आलेल्या नव्या सरांना तर त्याचं नावही ठाऊक नसतं.

संध्याकाळी अण्णांच्या भाच्याचा टेक्सासहून फोन आला. तो तिथल्या कॉलेजात नोकरी करतो आणि त्यांच्या फुटबॉलचं वेड लागून बसलाय. तिथल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं 2023 मध्ये जिंबो फिशर नावाच्या प्रशिक्षकाला काढलं, तर करार मोडल्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. गेल्या हंगामात लुइझियाना स्टेट विद्यापीठानं ब्रायन केलीला काढलं, तिथंही पाच कोटींच्या वरचा हिशेब. गावचं गाव त्यावर भांडतं: हा नको, तो आणा, याला मुलं जमवता येत नाहीत, त्याला सामना वाचता येत नाही. अण्णा म्हणाले, म्हणजे आमच्या कॉफीच्या बाकासारखंच, फक्त पैसे जास्त. आमच्या पीडींना बदलीभत्ता मिळाला असेल, ट्रकभाडं निघण्याइतका.

पैशाचं मी सोडून देते, तो त्यांचा वेडेपणा. त्यांच्या विद्यापीठांनी गेल्या वर्षापासून खेळाडूंना थेट वाटा द्यायला सुरुवात केलीय, एका विद्यापीठाला वर्षाला जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर. तो पुन्हा वेगळा तमाशा. पण भाचा बोलता बोलता एक नियम सांगून गेला, त्यावर मी थबकले. प्रशिक्षक बदलला की त्या संघातल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी वेगळी मुदत उघडते. म्हणजे एवढ्या बाजारातही त्यांनी हे लेखी मान्य केलंय की, मूल संस्थेच्या नावावर येतं तसं माणसाच्या शब्दावरही येतं. तो माणूस गेला तर मुलाला निवड करायचा हक्क आहे.

आपण हे कधीच मान्य केलेलं नाही. आपल्याकडे चाहते सरांवर वाद घालतात, पोरांवर वाद घालतात, पण दोघांतला करार कोणी पाहत नाही. तो तोंडी असतो, बापाच्या अंगणात झालेला असतो. ‘मी आहे ना,’ असं सर म्हणतात. तुम्ही किती घरांत हे वाक्य म्हणालात, बाबा? तुम्ही होतात म्हणून निभावलं. कॉफीच्या बाकावरचा वाद मला सोडवता येणार नाही, पण माझ्यापुरतं ठरलं: पानवाला अर्धा बरोबर आहे, पोरं सोयींसाठीच जातात. पण ती येतात सरांमुळे, आणि अर्ध्या वाटेवर सरांना हलवणारी संस्था त्या पोरांना फसवते. मग ती सरकारी असो की खासगी.

तेव्हा एक काम करा. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाची बैठक आहे आणि तुम्हाला अजून बोलावणं येतं. तिथं दोनच मागण्या मांडा. ज्या सरांनी मुलं निवडली त्यांची, ती मुलं पदवी घेईपर्यंत, म्हणजे निदान तीन वर्षं बदली नको. अगदी करावीच लागली तर जाताना मुलांची यादी, त्यांना दिलेल्या सवलती आणि शब्द लेखी नव्या सरांच्या हाती यावेत. आणि दुखापत झालेल्या मुलाची फीमाफी पदवीपर्यंत चालू राहावी. नवीन पैसा फारसा लागत नाही, सहीच लागते. मसुदा तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून ठेवा. मी शुक्रवारी पोचतेय, टाइप करून देईन.

तुमची,
ताई