जर, नाहीतर, संपले

‘पाणी आले तर मोटार लाव, नाहीतर राहू दे’, असे आपल्या घरांतून रोजच सांगितले जाते. यंत्रालाही असेच सांगावे लागते, पण त्याची भाषा फार तोकडी. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरचे आम्ही काही कामगार सुटीच्या दिवशी एकत्र बसून ती शिकतो. कुणी आय.टी.आय. केलेले, कुणी दहावीनंतर थेट कामाला लागलेले.

शिकायला घेतली ती ८०५१ ही चिप. इंटेल कंपनीने ती १९८० साली आणली. आत प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट जागा. तिच्या असेम्ब्ली भाषेत ‘जर’ नाही. अमुक बिट १ असेल तर तिकडे उडी मार, एवढेच तिला कळते. म्हणून विचार उलटा मांडावा लागतो. ‘बटण दाबले तर काम कर’ याचे होते ‘बटण दाबलेले नसेल तर काम ओलांडून पुढे जा’.

उदाहरण आम्ही पॉवर प्रेसचेच घेतले. आमच्यापैकी अनेकांचे पोट त्यावर आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबली तरच स्ट्रोक पडावा. पण एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले, तर एक हात डायखाली जायला मोकळा! म्हणून दुसरी अट: प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणे सुटली पाहिजेत, नाहीतर पुढचा स्ट्रोक नाही. उड्यांच्या गुंत्यात ही अट निसटली तर कागदावर दिसत नाही; बोटांवर दिसते.

येथे मॅक्रो उपयोगी पडतो. मॅक्रो म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या ओळी. नाव लिहिले की असेम्ब्लर त्या जागी मूळ ओळी उतरवतो. नाव आपणच ठेवायचे. आम्ही अक्षरे इंग्रजी, पण शब्द मराठी ठेवले: ‘जर’, ‘नाहीतर’, ‘संपले’. उलटी उडी ‘जर’च्या पोटात एकदाच बसवली. जोड्यांना क्रमांक दिले. ‘जर ३’ची उडी ‘संपले ३’कडेच जाते. मात्र मॅक्रोने चिपमधली जागा वाचत नाही, आणि अशी उडी पुढे १२७ बाइटपर्यंतच पोचते. काम लांबलचक असेल तर ते सबरूटीनमध्ये ठेवावे.

आता प्रोग्राम मोठ्याने वाचता येतो. असेम्ब्ली न शिकलेली प्रेसवरची ताईही ऐकून विचारू शकते, “बटण सोडायची अट कुठे आहे?” खऱ्या प्रेसवर मात्र एकट्या चिपच्या भरवशावर राहू नये, गार्ड आणि स्वतंत्र सेफ्टी रिले हवेतच.

आपल्या मुलामुलींना हे अवश्य शिकू द्या. यंत्र चालवणाऱ्याला त्याच्या अटीही वाचता आल्या पाहिजेत.