रेस न घेणारं इंजिन

गाडी पहिल्या किल्लीत सुरू होते, उभ्या जागी शांत चालते, आणि तरी ॲक्सिलरेटर दाबला की काटा दोन-अडीच हजारांवर अडून बसतो. गॅरेजच्या भाषेत, गाडी रेस घेत नाही. हे दुखणं फसवं आहे. बंद पडलेल्या गाडीला निदान थांबावं तरी लागतं. ही कशीबशी घरी पोचते, म्हणून तिच्यावर अंदाजानेच उपचार होतात. आधी प्लग, मग कॉइल, मग फिल्टर, शेवटी टाकीतला पंप. बिल चढत जातं, काटा आहे तिथेच. या सगळ्या अंदाजांचा रोख एकाच बाजूला असतो: इंजिनात काय कमी जातंय? जे आत गेलं ते बाहेर पडतंय का, हे फार उशिरा विचारलं जातं, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा इथेच होतो.

हिशेब सोपा आहे. एक लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. थ्रॉटल पूर्ण उघडं असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना जवळपास दीड हजार लिटर हवा आत यायला हवी. तिच्या दर १४.७ किलोमागे एक किलो पेट्रोल, वेळेवर ठिणगी, आणि जळून फुगलेल्या वायूला बाहेर पडायला मोकळी वाट. आयडलला, म्हणजे आठशेच्या आसपास, हा सगळा व्यवहार इतका किरकोळ असतो की थकलेला पंप, मळलेला फिल्टर किंवा अर्धा बुजलेला एक्झॉस्ट, काहीही त्यात खपून जातं. ‘आयडल तर मस्त आहे’ हे वाक्य म्हणून कुणालाच निर्दोष ठरवत नाही. (काही नव्या गाड्या न्यूट्रलमध्ये मुद्दामच काटा फार वर जाऊ देत नाहीत. तो बिघाड नव्हे, आणि त्यापायी गॅरेज गाठू नये.)

मुंबईसह चार महानगरांत १९९५च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल गाड्यांना वायू बाहेर पडायच्या याच वाटेवर, एक्झॉस्टमध्ये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकची जाळी, एकेक छिद्र जेमतेम मिलिमीटरभर, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. इंजिन मिसिंग मारत राहिलं की न जळलेलं पेट्रोल या जाळीत येऊन पेटतं, जाळी वितळते आणि छिद्रं बुजतात. मोरी तुंबल्यावर नळ बदलून उपयोग नसतो. इथे मात्र पंप बदलला जातो. ओळखायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला व्हॅक्यूम गेज लावायचा. समुद्रसपाटीजवळ, धडधाकट इंजिनाला आयडलवर साधारण १७ ते २२ इंच दिसतात. मग रेस २५००वर स्थिर धरायची. निरोगी इंजिनात गेजचा काटा क्षणभर खाली येतो, परत वर चढतो आणि तिथे टिकतो. एक्झॉस्ट चोक असेल तर तो हळूहळू, सेकंदासेकंदाने उतरत राहतो, कारण न निघालेला वायू नव्या हवेची जागा अडवून बसलेला असतो. खात्री हवी असेल तर गाडी थंड असताना पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून वाट द्यायची. आवाज कानठळ्या बसवणारा येतो, पण रेस वाढली तर संशयाला जागा उरत नाही. आणि गेजचा काटा उतरलाच नाही, तर मग खुशाल पेट्रोलच्या प्रेशरकडे वळावं.

स्कॅनरच्या जमान्यात हे कशाला, असं कुणी म्हणेल. थ्रॉटलमध्ये गडबड दिसल्यावर कॉम्प्युटरनेच रेस रोखून धरली असेल, तर स्कॅनर ते लगेच सांगतो, म्हणून तो आधी लावावाच. पण पी०१७१ या कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढाच. फाटलेली व्हॅक्यूम नळी, मळलेला एअर-फ्लो सेन्सर, दमलेला पंप, तिघांचंही त्यात नाव बसतं. बुजलेल्या एक्झॉस्टचा तर कित्येकदा कोडच येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तपासायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, तपासणीचे नाही. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न ज्या मेकॅनिकला रोज ऐकावा लागतो, तो पार्टच बदलणार. दोष त्याच्या एकट्याचा नाही. तासभराची मजुरी एका निरुपयोगी पंपापेक्षा कमीच पडते, हे गाडीवाल्यानेही कधीतरी मांडून पाहावं.

राहिला तो गॅरेजमधला रामबाण: जाळी फोडून डबा पोकळ करायचा. गाडी पळते, हे खरंच. पण विषारी वायू सरळ रस्त्यावर येतो, मागचा सेन्सर तक्रार करतो आणि जाळी ज्यामुळे वितळली ते मिसिंग तसंच राहतं. नवा कन्व्हर्टर बसवला तरी तोच धोका. म्हणून आधी प्लग आणि कॉइल, मग कॉम्प्रेशन. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं: आकडा चढला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रिंगचंच असेल तर वर चढणारं ऑइल जळून नव्या जाळीवरही थर चढवणार, तेव्हा कन्व्हर्टरची ऑर्डर इंजिन उघडल्यानंतर द्यावी.