खाचा

नोकिया ११०० या मोबाइलची नवी बॉडी, म्हणजे बाहेरचं कवच, हातात घेतली की पोकळ वाटते. वजन जवळजवळ नाहीच. पण ती उलटी करून आत पाहावं. बारीक खुंट्या, उभ्या-आडव्या पट्ट्या, कानाच्या जागी गोल खळगा, खालच्या टोकाला माइकसाठी भोक, वरच्या काठावर टॉर्चची पारदर्शक काच. आत कुणीच राहायला आलेलं नाही, आणि तरी प्रत्येकाची जागा ठरलेली. मला हे रिकामं घर पाहायला फार आवडतं.

हा फोन २००३ साली आला आणि जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. आमच्या अजिंठ्याच्या पट्ट्यात तो खपला त्याच्या टॉर्चमुळे. इथे मका आणि कपाशी. शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की अंधारात बांध तुडवत स्टार्टरपर्यंत जावं लागतं. ‘सी’ची कळ दाबून धरली की पायापुढे उजेड. तो फोन विहिरीच्या काठावर आपटला, बैलगाडीतून पडला, पाळीच्या पाण्याने भिजला. बॉडी फुटायची, आतला बोर्ड शाबूत राहायचा. म्हणून दुकानांत सुट्या बॉड्यांची पाकिटं माळेसारखी टांगलेली असत, निळ्या, लाल, करड्या.

बॉडी बदलणं सोपं काम समजतात. तसं ते नाही. जुनं कव्हर निघतं, चांदणीच्या डोक्याचे स्क्रू निघतात, डिस्प्ले अलगद उचलला जातो. इथपर्यंत कुणीही पोचतं. खरं काम बसवताना सुरू होतं. स्वस्त बॉडीची एखादी पट्टी केसभर जाड निघते आणि बोर्ड एका कोपऱ्यात उचललेला राहतो. मग स्पीकरचे स्प्रिंग बोर्डावरच्या सोनेरी ठिपक्यांना नीट टेकत नाहीत, आवाज तुटतो. तेव्हा बोर्डावर जोर करायचा नाही. पट्टी कानशीने घासायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवून पाहायचं. नव्या प्लास्टिकात स्क्रू स्वतःच आटे पाडतो, म्हणून तो हळू फिरवायचा, आणि हाताला अडला की तिथेच थांबायचं. टॉर्चचा दिवा काचेच्या बरोबर मागे आला नाही, तर निम्मा उजेड बॉडीतच राहतो आणि कडेचं प्लास्टिक उजळतं. ही चूक दिवसा दिसत नाही. खोली अंधारी करूनच तपासावी.

आणि कळा. बाजारात याच फोनसाठी गुळगुळीत, चकचकीत कळांच्या बॉड्याही मिळत. आमच्या शेजारच्या काकांना त्या नको असत. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. पाचाच्या कळेवरचा उंचवटा बोटाला लागला की तिथून वर, खाली मोजत ते मुलीला फोन लावायचे. ‘रंग कोणताबी घाल, पण पाच सापडला पाहिजे,’ म्हणायचे. बॉडी बदलायची ती त्यांच्या बोटांसाठी, हे मला तेव्हा कळलं.

अजिंठा गावातून घाट उतरून फर्दापूरमार्गे लेण्यांकडे जातो तेव्हा हेच काका मनात असतात. दहाव्या लेण्याच्या छताखाली उभं राहून वर पाहावं. इसवीसनापूर्वीचं हे चैत्यगृह. याच्या मधल्या कमानी छताला लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या होत्या. लाकूड गेलं, त्याच्या खाचा राहिल्या. अखंड कातळाला फासळ्यांचा आधार कशाला हवा? त्यांच्यावर छताचा भार नव्हताच. पुढे पाचव्या शतकात एकोणिसावं आणि सव्विसावं लेणं कोरलं, तेव्हा त्याच फासळ्या दगडातूनच काढल्या. इतिहासाची पुस्तकं याला लाकडी बांधकामाचं अनुकरण म्हणतात. मला तो शब्द कोरडा वाटतो. लाकडी चैत्यात वाढलेली माणसं डोंगराच्या पोटात शिरली, तेव्हा वर पाहताच त्यांना आपण कुठे आलो ते ओळखता आलं असणार. कोरणाऱ्याने अंग बदललं, पण नजरेची खूण, काकांच्या पाचासारखी, जागेवर ठेवली. एवढ्या मेहनतीने, छिन्नीने, भार न वाहणारी प्रत्येक फासळी कोरून ठेवणं ही मला केवळ सवय वाटत नाही. त्यात येणाऱ्याची काळजी आहे.

आताच्या फोनमध्ये ही काळजी दिसत नाही. पुष्कळ फोनचा पाठीमागचा भाग गोंदाने चिकटवलेला असतो. तापवून, पातळ पाती सरकवून तो सोडवावा लागतो, आणि सोडवताना काच तडकू शकते. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही, वस्तूला उघडायची जागा लागते. कंपन्यांनी स्क्रू परत आणावेत, सुट्या बॉड्या दुकानात ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. ११०० ची सुटी निघणारी बीएल-५सी बॅटरी आजही लहान रेडिओंत आणि स्पीकरांत चालते, कुठल्याही दुकानात मिळते. सोयाबीन सोंगताना बांधावर वाजणाऱ्या कितीतरी रेडिओंच्या पाठीत तीच आहे.