पिझ्झ्याचं सूप आणि कडक भाकरी

दिवेलागणीनंतर सोलापुरातल्या कितीतरी घरांत रोज एकच तह ठरायचा असतो. पोरांना पिझ्झा हवा असतो, आज्जीला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि नुकतीच कामावरून परतलेली घरची बाई एका भांड्यात उरकेल असं काहीतरी शोधत असते. कुकरची पहिली शिट्टी झाली की आतल्या खोलीतून आवाज येतो, "काय करलालीस गं?" उत्तर येतं, "पिझ्झ्याचं सूप." मग थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

नाक मुरडण्याजोगं त्यात फारसं काही नाही. टोमॅटो, लसूण, कांदा, ढोबळी मिरची, वरून चीज. पिझ्झ्यावरचा सगळा ऐवज रश्शात उतरवायचा, एवढाच हा प्रकार. खुद्द इटलीत, तोस्काना भागात, शिळा पाव टोमॅटोच्या रश्शात शिजवून ‘पाप्पा अल पोमोदोरो’ करतात. ते शेतकऱ्यांच्या घरचं जेवण. शिळा पाव फेकवत नाही आणि नुसता खाववत नाही, म्हणून सुचलेलं. आपल्याकडची फोडणीची भाकरी त्याच काटकसरीतून आलेली आहे.

पिझ्झा सोलापूरच्या मातीत रुजत नाही तो त्याच्या तळामुळे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, म्हणून ते ताणलं जातं, फुगतं, जाळी धरतं. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात भिजवून मळावं लागतं. तेव्हा कुठे त्यातला स्टार्च थोडा चिकट होतो आणि भाकरी थापता येते. ती लाटून ताणायला गेलं की कडेने भेगा पडतात. ज्वारीचा पिझ्झा करणारे करतात, पण त्यात गहू मिसळावा लागतो, नाहीतर वरचा भार पेलवत नाही. सूप केलं की ही अडचणच उरत नाही. वाडग्यात तळाने काही पेलायचं नसतं, त्याने फक्त रस्सा प्यायचा असतो. आणि रस्सा प्यावा तर कडक भाकरीने.

ही भाकरी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि तिच्यातलं पाणी पार निघून जाईपर्यंत मंद आचेवर कडक करतात. ओल नसल्यामुळे ती बुरसत नाही, कितीतरी दिवस टिकते. प्रवासात, शेतावर, वसतिगृहातल्या मुलाच्या पेटीत ती चालते. आता बचत गटांच्या बायका ती पाकिटांत भरून विकतात. ज्वारीची तशी बाजरीचीही, तीळ लावलेली. सोलापूरकर ती आमटीत कुस्करून खातात, आणि आमटीत चालते ते टोमॅटोच्या सुपात न चालायला काय झालं?

ज्वारीही साधीसुधी नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत पावसाळा सरता सरता पेरलेलं हे पीक मातीत साठलेल्या ओलीवर थंडीभर वाढतं. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली अशी कथा सांगतात, ती याच मंगळवेढ्याची. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहोळला मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण तर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरत आले आहेत.

आता कृतीकडे. चौघांसाठी अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या आणि वाटीभर मोड आलेली मटकी. तेलावर लसूण, कांदा परतून टोमॅटो घालावेत आणि ते तेल सोडेपर्यंत दम धरावा. इथे घाई केली तर सूप कच्चट, आंबट लागतं. शिजवण्याचा आणखी एक फायदा आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन तेलात शिजलं की अंगी अधिक लागतं. मग मटकी आणि चार वाट्या पाणी घालून कुकरच्या दोन शिट्ट्या. मटकी घातली नाही तर पोरं तासाभराने पुन्हा डबे उघडतात. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर कशाला? आंबिलीला कालवतो तसं चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून उकळत्या रश्शात सोडावं. ढोबळी मिरचीचे तुकडे आणि मक्याचे दाणे शेवटी टाकावेत, म्हणजे दाताखाली येतात.

ओरेगॅनोची पुडी नसली तर खिडकीतल्या कुंडीकडे बघावं. भजी करतो ती ओव्याची जाडसर, लवदार पानं बारीक चिरून घालावीत. या पानांत कार्व्हाक्रॉल नावाचं द्रव्य असतं आणि ओरेगॅनोच्या वासातही तेच असतं. पण दोन-तीन पानं पुरेत. जास्त झाली तर सुपाला काढ्याची कळा येते.

चीज गॅस बंद केल्यावरच घालायचं. मोझरेला रटरटत्या आंबट रश्शात पडलं की आक्रसून त्याचे चिवट गोळे होतात. डब्यातलं प्रक्रिया केलेलं चीज तसं करत नाही, कारण त्यातले क्षार स्निग्धांश आणि प्रथिनं एकजीव ठेवतात. खवय्ये त्याला हलकं समजतात, पण या भांड्यात तेच शहाणं. टोमॅटो आणि चीज ही जोडी जिभेला एवढी का रुचते, याचा धागा जपानपर्यंत जातो. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या भरीव चवीला ‘उमामी’ म्हटलं. पिकल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ते भरपूर असतं.

वरून मिरचीची पूड भुरभुरायची रीत पिझ्झ्याच्या दुकानांची. सोलापुरात त्या जागी शेंगाचटणी येते. तीही तेल सुटेपर्यंत कुटलेली, लसणीची, लालभडक. ही परक्याच्या ताटात आपली ढवळाढवळ आहे असं कुणी म्हणेल. पण टोमॅटो, मिरची, मका आणि भुईमूग हे चौघेही अमेरिका खंडातून जहाजांत बसून आले. नेपल्सला टोमॅटो जितका परका होता, तितकीच सोलापूरला शेंग परकी होती. आज शेंगाचटणीशिवाय सोलापूरचं नाव पुरं होत नाही.

वाढताना क्रम चुकवू नये. आधी वाडग्यात कडक भाकरीचे मोठे तुकडे, त्यावर कढत सूप, मग किसलेलं चीज आणि चटणी. भाकरी अर्धी भिजलेली, अर्धी कुरकुरीत असतानाच खायला घ्यावं, फोन नंतर. आणि महिनाअखेरीला चीज परवडलं नाही तर खुशाल वगळा, सूप बिघडत नाही. शेंगाचटणी मात्र वगळू नका.