आचेविना चूल

मराठी भाषेने संसाराचे बहुतेक व्यवहार चुलीभोवती बांधून ठेवले आहेत. घरोघरी मातीच्या चुली असतात, भाऊ विभक्त झाले की वेगळी चूल मांडतात, आणि ज्या घरात करणारे कोणी उरले नाही तेथे चूल थंड पडली असे आपण म्हणतो. मातीची चूल गेली, घासलेटचा स्टोव्ह येऊन गेला, गॅसची शेगडी आली. तथापि ज्योत दिसत होती तोवर हा शब्द कसाबसा लागू पडत होता. मायक्रोवेव्ह ओव्हनपाशी मात्र तो अडखळतो. येथे ज्योत नाही, धूर नाही, निखारा नाही. भिंतीला टेकवलेली एक पेटी, आत फिरणारी काचेची थाळी आणि वेळ संपल्यावर वाजणारी शिट्टी, एवढाच तिचा थाट. आमच्या इंदूरच्या घरातील बरीचशी चूल गेली तीन वर्षे याच पेटीवर चालते. तिच्यावर चांगले कसे शिजवावे, याविषयी जे अनुभवास आले ते येथे मांडीत आहोत.

यामागचे कारण हौस नव्हे. आमच्या सौ.च्या बोटांच्या सांध्यांत संधिवाताने ठाण मांडले. कुकरचे झाकण फिरवणे, भरलेली कढई कान धरून उतरवणे, शेगडीपाशी तासभर उभे राहणे या गोष्टी एकेक करून तिच्या हातून सुटत गेल्या. पुण्याचा मुलगा आग्रहाने बोलावीत होता आणि त्याचा आग्रह मनापासूनचा होता. परंतु जेथे आयुष्य गेले ते घर, ती आळी आणि ती माणसे सोडून जाणे दोघांनाही नको होते. राहायचे की जायचे, हा प्रश्न शेवटी दोन वेळच्या जेवणापाशी येऊन ठेपला. पोळ्यांना बाई मिळाल्या. उरलेला स्वयंपाक आम्ही अंगावर घेतला. राज्य शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षे कागद हाताळलेल्या माणसाला एकाच वेळी दोन शेगड्यांवर लक्ष ठेवणे अवघड. पण वेळ लावून देता येणारे, आणि वेळ संपताच आपले आपण थांबणारे यंत्र त्याच्या स्वभावास मानवण्यासारखे असते.

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाच्या नळ्या मोठ्या प्रमाणावर तयार होत असत. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत या कामावर असलेल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊची वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. शालेय शिक्षणही पुरे न झालेल्या या माणसाने त्यातील मर्म ओळखले आणि 1945 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. 1947 च्या सुमारास बाजारात आलेला पहिला ओव्हन सहा फूट उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचा होता. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन अमेरिकेत लोकप्रिय होऊ लागला तो 1967 नंतर. आपल्याकडे तो घरोघरी येण्यास पुढे आणखी कित्येक वर्षे जावी लागली, आणि आल्यावरही बहुतेक घरांत त्याचे काम एकच राहिले : सकाळची भाजी रात्री गरम करणे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला केवळ टपाल वाटायला ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

त्याच्याकडून खरे काम घ्यावयाचे तर तो काय करतो हे समजून घेतले पाहिजे. शेगडी भांडे तापवते, भांडे अन्नाला तापवते. येथे भांडे बाजूला राहते आणि लहरी थेट अन्नातील पाण्याला हलवतात. या लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा आंदोलित होते. पाण्याचे रेणू त्यामागे फिरू पाहतात, एकमेकांवर आदळतात आणि त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. अन्न ‘आतून’ शिजते हा मात्र गैरसमज आहे. लहरी पृष्ठभागापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत पोहोचतात; त्यापलीकडे उष्णता सरकत जाते ती नेहमीच्याच संथ गतीने. शिवाय पेटीच्या धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी काही ठिकाणी एकवटतात, काही ठिकाणी विरतात. म्हणून एकाच वाडग्यातला एक घास जीभ पोळणारा आणि दुसरा गार लागतो. दारातील जाळीची छिद्रे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची आणि लहरींची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर, त्यामुळे नीट बंद होणाऱ्या दारातून त्या बाहेर येत नाहीत. आणि यंत्र थांबले की अन्नात मागेही राहत नाहीत.

एवढे ध्यानात आले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पहिला मांडणीचा. भांडे उभट नको, पसरट व गोल हवे. फोडी एकसारख्या हव्यात. आणि बटाट्यांसारखे जिन्नस थाळीच्या कडेने कडे करून मांडावेत, मध्य मोकळा सोडावा. एका वेळी फार घालू नये. गॅसवर दोन बटाटे उकडा की सहा, वेळेत फारसा फरक पडत नाही. येथे ऊर्जा ठरावीक आणि वाटेकरी वाढलेले, म्हणून जिन्नस दुप्पट झाला की वेळही जवळजवळ दुप्पट होतो. दोन माणसांच्या संसाराला ही गोष्ट फारच सोयीची आहे. पंगतीचे काम या यंत्राचे नव्हे.

दुसरा नियम पाण्याचा. अन्नातील पाणी वाफ होऊन निसटू पाहते; ते निसटले की भाजीचा चिवडा होतो आणि पोळीचे कातडे. म्हणून झाकण हवे, पण घट्ट नको. वाफेला चिंचोळी वाट हवी. पालक-मेथीला धुताना पानांवर राहिलेले पाणी पुरते. फरसबी-गाजराला दोन चमचे. मीठ सुरुवातीस वरून भुरभुरले तर ते पाणी ओढते आणि फोडी वरून सुकतात, सुरकुततात. ते शिजल्यावर घालावे. पोह्यांच्या बाबतीत तर आम्हा इंदूरकरांना नवे शिकण्यासारखे काहीच नव्हते. येथे सकाळी दुकानातले पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर मऊ राखतात, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पोह्यांवर पाण्याचा हबका मारावा, झाकण ठेवावे, दीड मिनिट द्यावे. वर शेव आणि जीरावन पडले की तक्रारीला जागा राहत नाही.

तिसरा नियम शक्तीचा. निम्म्या शक्तीवर लावलेला सर्वसाधारण ओव्हन मंद होत नाही. तो काही सेकंद पूर्ण शक्तीने चालतो आणि काही सेकंद गप्प बसतो. ही विश्रांतीच उपयोगाची असते. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरपूर. म्हणून गोठलेले मटार पूर्ण शक्तीवर ठेवले की जो कोपरा आधी वितळतो तोच शिजून जातो आणि बाकीचे तसेच राहतात. तीस टक्के शक्ती आणि मध्ये एकदा हलवणे, एवढ्याने हे टळते. पुस्तकातील वेळा आपल्या घरी जुळत नाहीत त्याचे कारणही शक्तीतच आहे. 800 वॅटवर तीन मिनिटांत होणाऱ्या कामाला 600 वॅटवर चार मिनिटे हवीत. पाव लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर नेण्यास सुमारे 78,000 ज्यूल लागतात. म्हणजे 800 वॅटला हिशेबाने 98 सेकंद, आणि प्रत्यक्षात थोडे अधिक. आपला ओव्हन किती घेतो ते एकदा मोजून दारावर चिकटवून ठेवावे. मात्र पाणी गुळगुळीत काचेच्या पेल्यात तापवताना त्यात लाकडी चमचा अवश्य ठेवावा. एरवी ते न उकळताच अतितप्त होते आणि हात लागताच उसळते.

चौथा नियम सर्वांत कमी पाळला जातो : थांबणे. शिट्टी वाजली म्हणजे पदार्थ झाला असे नव्हे. बाहेरची उष्णता आत सरकण्यास वेळ हवा असतो, आणि ते शिजणे बाहेर काढल्यावरही चालूच राहते. काट्याने टोचलेले चार मध्यम बटाटे आमच्या 800 वॅटच्या ओव्हनमध्ये आठ मिनिटे घेतात आणि त्यानंतर पाच मिनिटे झाकून बसतात. ही पाच मिनिटे चुकवली तर मध्ये कणीसारखे दडस राहते. शिजण्यास एक मिनिट कमी द्यावे आणि विसाव्यास एक मिनिट अधिक, असे आमचे सूत्र आहे.

खरी कसोटी लागली ती सौ.च्या अंदाजाचे या भाषेत रूपांतर करताना. तिच्या पाककृतीत ‘खमंग वास येईपर्यंत’ आणि ‘हाताला हलके लागेपर्यंत’ अशी मापे होती. यंत्राला मिनिटे आणि सेकंद कळतात. आम्ही एक वही घातली. ती खुर्चीवर बसून सांगे, आम्ही करून टिपत असू. 200 ग्रॅम दाणे पसरट थाळीत : दोन मिनिटे, हलवणे, एक मिनिट, हलवणे, आणखी एक मिनिट. उडदाचा पापड : पाऊण मिनिट. भिजलेल्या एक वाटी साबुदाण्याची खिचडी : दर मिनिटाला हलवून चार मिनिटे. टोचलेले मोठे वांगे : सात मिनिटे, शिजते उत्तम, पण धुराची चव येत नाही, ती तुपाचा धुंगार देऊन आणावी लागते. लाडवांसाठी 250 ग्रॅम बेसन तुपात कालवून काचेच्या वाडग्यात : आधी दोन मिनिटे, मग दर मिनिटाला परतून एकूण सात-आठ. गॅसवर तेवढेच बेसन मंद आचेवर पाऊण तास अखंड परतावे लागे, आणि ते परतणेच तिच्या हातांना असह्य झाले होते.

ती वही आज बरीच भरली आहे. तरीही एक गोष्ट तीत उतरलेली नाही. दाणे भाजत असताना घड्याळात दहा-पंधरा सेकंद शिल्लक असतात आणि पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, “अहो, काढा आता.” काढून पाहावे तो दाणे नेमके झालेले असतात. उशिरा काढले असते तर आतल्या उष्णतेने ते बाहेर काळवंडले असते, हे आम्ही विज्ञानाचे पदवीधर म्हणून समजावून सांगू शकतो. कोणत्या क्षणी काढावे हे तिचे नाक सांगते. दाणे नवे की जुने, ओलसर की सुके, यावर ते दहा सेकंद अवलंबून असतात. वहीतील आकडा माणसाला तिथवर नेऊन सोडतो, पुढचे पाऊल जाणत्यानेच टाकावयाचे असते.

या यंत्राच्या मर्यादाही आहेत. तूरडाळीला पाणी पिऊन फुटण्यास वेळ लागतोच. तिथे कुकरच बरा. भातातही वेळेची बचत नाही. सबंध अंडे ठेवू नये, फुटते. स्टीलच्या डब्यातून लहरी परत फिरतात, अन्न गारच राहते. सोनेरी काठाच्या कपबशीवर ठिणग्या उडतात. वापरायचे भांडे योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी ते रिकामेच, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, मिनिटभर फिरवावे. भांडे स्वतःच तापले तर ते या कामाचे नव्हे. तळण तर मुळीच करू नये. आणि अन्नात ओलावा आहे तोवर त्याचा पृष्ठभाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून भाकरीवरचे खरपूस डाग आणि भजीची कुरकुरीत कड येथे मागू नये.

मोठी अडचण फोडणीची. तेलात पाणी नाही आणि तेल या लहरींना फारशी दाद देत नाही. मोहरी तडतडण्याइतके ते तापवणे हा येथे वेळेचा अपव्यय ठरतो. फोडणीवाचून आपली भाजी म्हणजे उकडलेला पाला. तेव्हा गॅसची एक शेगडी आम्ही ठेवली आहे आणि तिच्यावर लोखंडी कढले. ते लहान असते, चमचा-दोन चमचे तेलाचे. मुरडलेल्या बोटांनाही ते पेलते. भाजी शिजून, विसावून ओट्यावर आली की आम्ही बाजूला होतो. सौ. उठते, मोहरी तडतडू देते, हिंग-हळद घालते आणि चर्र आवाज करीत ती फोडणी भाजीवर ओतते. हे काम यंत्राला साधत असते तर कदाचित तेही आम्ही त्याच्याकडे सोपवले असते. ते साधत नाही, हे बरे आहे.