चौधारीला फूल कधी येणार?

विकतच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं. चौधारी या शेंगवेलाचं बी मात्र मला पेणच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि म्हणाल्या, "पाऊस लागला की लावा, मांडव भक्कम घाला." परसात पहिल्यांदाच काही लावणाऱ्या माणसाला एवढ्यावर काय कळणार!

बी वाटाण्याएवढं, तपकिरी, तुकतुकीत. रात्रभर भिजवूनही निम्मं तसंच टणक. शेजारच्या काकींनी त्या बियांची एक कड फरशीवर हलकेच घासायला लावली. पुन्हा भिजवल्यावर त्या टम्म फुगल्या.

पुढे वेलाने मांडव झाकला, कुंपण ओलांडलं आणि पेरूचं झाड धरलं. पण फूल नाही. बाजूला पडवळ, शिराळी लागून संपत आली, गणपती येऊन गेले, तरी चौधारीला नुसती पानंच पानं. खत कमी पडलं की जास्त झालं? ऊन पुरत नसेल का? मला काही सुचेना. शेवटी कडेचा एक वेल मुळासकट उपटून पाहिला, तर मुळांवर गाठीच गाठी! कीड लागली म्हणून पोटात धस्स झालं.

शेतकी शिकलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटी होत नाही. ही नखाने निघते का बघा." निघाली. फोडली तर आत गुलाबी! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच एक द्रव्य तिथे असतं. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून वेलाला देतात, आणि तो गुलाबी रंग म्हणजे त्यांचं काम चालू असल्याची खूण. त्या मातकट मुळांकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो.

फुलांचं कोडंही त्यानेच उलगडलं. या वेलाला फुलायला लहान दिवस लागतात. पावसाळ्यातल्या मोठ्या दिवसांत तो पानंच वाढवतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, तिथून पुढे वाट बघायची. ऑक्टोबरात खरंच फिकट निळी फुलं आली आणि पाठोपाठ चार झालरींच्या शेंगा. कोवळ्या असतानाच आडव्या चिरायच्या, लसूण-मिरचीच्या फोडणीत परतून वर ओलं खोबरं. जून झाल्या की दोरे चावत बसावे लागतात.

पानं, फुलं, शेंगा, बी, जमिनीतला कंद, सगळं खाता येतं. बियांत सोयाबीनच्या तोडीची प्रथिनं. 1975 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एकाच वेलावर अहवाल काढला होता. तरी शेतात चौधारी क्वचितच दिसते: मांडवाचा खर्च, आणि शेंगा एकदम न येता थोड्या थोड्या येतात. पण घरच्या परसाला हेच तर हवं! रोज मूठभर ताजी भाजी. अशीच परसातली बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांची गावठी वाणं राखली, 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असं बी घरोघरच लावलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सध्या निरोगी वेलावरच्या काही शेंगा बियांसाठी राखल्या आहेत. वाळून खुळखुळल्या की काढायच्या. काकी म्हणतात, नंतर कंद खणून उकडा. मी एका वेलाचा खणणार आहे. बाकीचे जमिनीतच ठेवतो, पावसात ते पुन्हा फुटतात म्हणे.